दगड आंबवणाऱ्या महासिनबाई

महासिन शकूर या बाईंना मी सोळा वर्षं गाडीतून फिरवलं. दौर गावच्या शेतकी कार्यालयात त्या माती तपासायच्या आणि मी ड्रायव्हर होतो. कार्यालयाची पिकअप एकच, आणि तिचा बाईंच्या बाजूचा दरवाजा आतून उघडत नसे. कुठे पोचलो की मी उतरून, वळसा घालून त्यांचं दार उघडायचो. गावोगावच्या लोकांना वाटायचं, बाईंचा थाट मोठा आहे. बाईंनी कधी खुलासा केला नाही. दमलेली माणसं खुलासे करत बसत नाहीत, आणि बाई मला पहिल्या दिवसापासून दमलेल्याच आठवतात.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. एक भाऊ लढाईतून एक पाय गमावून आलेला, दुसरा अजून फौजेत. लग्न झालं नाही, आणि ते का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सकाळी तंदूरवर घरच्या भाकऱ्या भाजून, आईला न्हाऊ-माखू घालून त्या निघायच्या. गाडीत बसल्या की पहिली दहा मिनिटं डोळे मिटून असायच्या. मी त्या दहा मिनिटांत खड्डे चुकवत हळू चालवायचो.

दिजला नदीच्या पूर्वेला आमची जमीन पांढरी आहे. पीठ सांडल्यासारखी. कुठे निम्मं, कुठे निम्म्याहून जास्त जिप्सम. बाईंचे वडील याच मातीचे खडे भट्टीत भाजून गिलावा विकायचे, त्यावर घर चाललं. गिलाव्याला ही माती सोन्यासारखी, गव्हाला मात्र सावत्र आई. पाणी दिलं की जिप्सम विरघळून जमिनीत भोकं पडतात, पाट खचतात, आणि जे पाणी झाडापर्यंत पोचतं त्याच्यात खायला काही नसतं. थंडीत गहू वीतभर झाला की पानं जांभळट व्हायला लागायची. बाई पान उलटं करून बघायच्या आणि म्हणायच्या, याला फॉस्फरस हवाय.

पूर्वी बाहेरून खत यायचं, ते टाकलं की पान हिरवं राहायचं. मग निर्बंधांची वर्षं आली, बाहेरच्या देशांनी व्यापार तोडला. खत बंद झालं, रेशनवर काळपट पीठ मिळू लागलं, औषधाला औषध मिळेना. मिळत होती ती फक्त पश्चिमेच्या वाळवंटातल्या खाणीतली दगडाची पूड. फॉस्फेटचा दगड, बारीक दळलेला. त्यात फॉस्फरस भरपूर, पण कुलूपबंद. कारखान्यात तीव्र आम्ल ओतून ते कुलूप उघडतात, आणि तेव्हा कारखाना चालू नव्हता. कार्यालयाने पूड पोत्यांनी वाटली. शेतकऱ्यांनी ती फेकली आणि गहू तसाच जांभळा राहिला. उम्म तलूल गावचा अबू सफवान, ज्याच्या शेतावर आमचे बरेच प्रयोग चालायचे, तो म्हणायचा, "दगडात दगड टाकला, इंजिनीयरबाई. आता काय दगड उगवणार?" आमच्याकडे शेतकी शिकलेल्याला इंजिनीयरच म्हणतात.

बाईंनी पुस्तकं काढली. गंधक मातीत टाकलं की मातीतले सूक्ष्म जीव ते खातात आणि त्याचं आम्ल करतात. ते आम्ल दगडाला खाईल, असा हिशोब. गंधक आमच्याकडे मुबलक, मोसुलच्या वाटेवर खाणच आहे. मी दोन खेपा करून पिवळी ढेकळं आणली. गाडीला वर्षभर वास राहिला. पूड आणि गंधक मिसळून अबू सफवानच्या अर्ध्या दुनमवर टाकलं. पाव हेक्टरला आम्ही दुनम म्हणतो. मेमध्ये कापणी झाली तेव्हा त्या अर्ध्या दुनममध्ये आणि शेजारच्या रानात काडीचाही फरक नव्हता. बाई ओंब्या मोजत बसल्या होत्या. शंभर मोजल्या, दोनशे मोजल्या, मग टोपली बाजूला ठेवून तिथेच बांधावर बसल्या. अबू सफवानची बायको ताक घेऊन आली. बाईंनी ते घेतलं, प्यायल्या आणि म्हणाल्या, "चला."

पुढे आठ-दहा दिवसांनी मी प्रयोगशाळेत चहा प्यायला गेलो होतो. बाईंनी माझा रिकामा काचेचा पेला मागून घेतला. घरून आणलेला खजुराचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, त्यात ओतला आणि वर शेतातली चमचाभर माती टाकली. फसफसून फेस आला, मग बसला. त्यांनी तपासायचा कागद बुडवून दाखवला. आंबटपणा नावालाही उरला नव्हता.

"आपल्या मातीत नुसतं जिप्सम नाही, चुनखडीही आहे," त्या म्हणाल्या. "जेवढं आम्ल होतं ते सगळं चुनखडी पिऊन टाकते. दगडापर्यंत पोचतंच कुठे? वर्षभर मी नदीत विरजण लावत बसले होते."

मी विचारलं, मग आता?

"मातीला मध्ये येऊच द्यायचं नाही. दगड आधी आंबवायचा, शेतात नंतर न्यायचा."

पेला मला धुवून परत मिळाला, पण त्यातून मी नंतर चहा प्यायलो नाही.

त्या ऑगस्टमध्ये अबू सफवानच्या मेंढवाड्यामागे खड्डा खणला. कंबरभर खोल, तळाला जुनं प्लास्टिक, म्हणजे खालच्या मातीशी संबंध नको. चार वाटे मेंढ्यांचं लेंडीखत, एक वाटा दगडाची पूड, त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं गंधक. गंधकाच्या ढिगाखालची दोन घमेली माती मी खाणीवरून आणली होती, कारण गंधक खाणारे जीव तिथे आधीच वस्तीला असतात. पाणी शिंपडायचं, ओल राखायची, आठवड्यातून एकदा खालचं वर करायचं. ऑगस्टचं ऊन आमच्याकडे काय असतं ते सांगण्यात अर्थ नाही. खालचं वर करायचं काम त्याची बायको उम्म सफवान आणि तिच्या सुना करायच्या, कारण लेंड्यांचं काम बायकांचं. पहिल्या महिन्यात वास असा की अबू सफवानने बिछाना उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला नेला. उम्म सफवान म्हणाली, "बाई, तीस वर्षांत हा माणूस माझ्या सांगण्यावरून हलला नाही. तुमच्या खड्ड्याने हलवला." बाई हसल्या. त्या हसल्याचं माझ्या लक्षात आहे, कारण तसे प्रसंग थोडे.

दर पंधरवड्याला त्या मूठभर माल नेऊन तपासत. एक द्रावण घातलं की नळीत निळा रंग येतो. रंग जितका गडद तितका पिकाला मिळण्याजोगा फॉस्फरस जास्त. पहिल्यांदा पाण्यात नीळ चुकून सांडल्यासारखी फिकट छटा होती. ऑक्टोबरच्या शेवटी नळी शाळेतल्या शाईसारखी झाली. बाईंनी ती खिडकीपाशी धरली, बराच वेळ बघितली, मग स्टँडमध्ये ठेवून वहीत आकडा लिहिला आणि आईसाठी औषध आणायला निघून गेल्या.

शेतात टाकायची रीतही बदलली. सगळीकडे फेकलं तर जमिनीतलं जिप्सम मोकळा झालेला फॉस्फरस पुन्हा बांधून टाकणार. म्हणून बियाण्याच्या ओळीशेजारी चर पाडून, त्यात पट्ट्याने. मूळ बाहेर आलं की तोंडाशी घास. त्या थंडीत अबू सफवानच्या अर्ध्या दुनमचा गहू हिरवा राहिला आणि शेजारचा जांभळा झाला. उन्हाळ्यात माप झालं. शेजारी दुनमला दोनशे पाच किलो, खड्ड्याच्या खतावर दोनशे बहात्तर. चमत्कार नव्हे. बाहेरच्या खतावर याच रानाने तीनशेच्या वर दिलं होतं. पण काहीच नसताना दुनममागे एका घराच्या महिनाभराच्या भाकऱ्या वाढल्या होत्या. बाईंनी अहवाल लिहिला, चार पानी, आणि त्यात तीनदा लिहिलं की मिश्रण किमान अडीच महिने आंबवल्याशिवाय वापरू नये.

तो अहवाल मुख्य कार्यालयातल्या गाझीसाहेबांच्या हाती पडला. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वरच्यांना काहीतरी दाखवायचं होतं. ऑक्टोबर अर्धा सरलेला असताना तो आला आणि म्हणाला, या हंगामात तीनशे दुनमवर हेच करू, एकतीस शेतकरी. बाई म्हणाल्या, पेरणीला तीन आठवडे उरलेत, खड्डे आज भरले तरी जानेवारीत तयार होतील. गाझीसाहेब म्हणाला, खड्डे नकोतच. पूड, गंधक, खत पोत्यांत मिसळून द्या, जमिनीत आपोआप आंबेल. बाईंनी त्याला तो सिरक्याचा प्रयोग दाखवला. त्याने फेस बघितला, मान डोलावली आणि कागद पुढे सरकवला. 'मिश्रण थेट वापरण्यास योग्य.' खाली तांत्रिक तपासनीसाच्या सहीची जागा.

पहिल्या दिवशी बाई नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यातून आणायला गेलो. आईला ताप चढला होता, रात्र त्यांनी खुर्चीत काढली होती. कार्यालयात शिरल्या, गाझीसाहेब चहा पीत बसला होता. त्या उभ्याउभ्याच टेबलावर वाकल्या, सही केली आणि आत गेल्या. मी दारात होतो. ना कुणी दम दिला, ना कुणी लालूच दाखवली. पेन सुद्धा त्यांचंच होतं.

फेब्रुवारीत तीनशे दुनम जांभळे झाले.

त्यात काही शेतकरी असे होते की त्यांनी आपलं नेहमीचं लेंडीखत त्या पोत्यांच्या भरवशावर भाजीपाल्याच्या वाफ्यांना देऊन टाकलं होतं. त्यांचा गहू दरवर्षीपेक्षाही खाली गेला. गाझीसाहेबाने वर कळवलं की पाऊस कमी झाला. पाऊस खरंच कमी झाला होता. शेतकऱ्यांनी सरकारला शिव्या दिल्या, निर्बंधांना दिल्या, दगडाला दिल्या. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही. तो कागद कपाटात होता आणि त्याची कुणाला खबर नव्हती.

मार्चच्या एका सकाळी गाडीत बसल्यावर त्यांनी डोळे मिटले नाहीत. मला म्हणाल्या, "अबू नौफल, एकतीस घरांची यादी केली आहे. रोज तीन-चार करू."

मी विचारलं, कशासाठी?

"सही माझी होती हे सांगायला."

मी गाडी सुरू न करता त्यांना समजावू लागलो. म्हटलं, कुणी विचारलं नाही. सांगून कुणाचा गहू वाढणार आहे? कार्यालयाला कळलं तर तुमचं काय होईल? त्या खिडकीबाहेर बघत ऐकून घेत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी खड्डा खणा म्हणून सांगायला जाईन तेव्हा हे लोक म्हणतील, हेच तर केलं होतं, काही झालं नाही. हे ते नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही?"

मी गाडी सुरू केली.

अकरा दिवस लागले. प्रत्येक घरी तेच. मी दार उघडायचो, त्या उतरायच्या, ओसरीवर बसायच्या आणि सरळ सांगायच्या की पोत्यातलं मिश्रण कच्चं होतं, ते मला माहीत होतं, तरी मी सही केली. बहुतेक लोक गोंधळून जायचे. सरकारी माणूस दारात येऊन माझी चूक म्हणतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काहींना वाटलं, यात काहीतरी डाव आहे. एका म्हाताऱ्याने त्यांना जेवायलाच बसवलं, भेंडीचं कालवण आणि भात.

सगळ्यात अवघड होता हाजी मुतलग. वीस दुनम त्याचे गेले होते. त्याने बसा म्हटलं, पण चहा सांगितला नाही. आमच्याकडे पाहुण्याला चहा न देणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. बाईंचं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने जपमाळ खाली ठेवली.

"खरं बोलायला आलीस?"

"हो, हाजी."

"खरं घेऊन आलीस. गहू आणलास का?"

"नाही आणला."

"मग हे खरं मी दळू कुठे?"

म्हातारा वाट बघत राहिला. त्याला वाटलं असावं की या आता रडतील, नाहीतर कुणाकडे तरी बोट दाखवतील. गाझीसाहेबाचं नाव एकतीस घरांत त्यांनी एकदाही घेतलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "सही का केली, तेवढं सांगते. दमले होते. दुसरं कारण नाही." हाजी म्हणाला, "दमलेलो आम्हीही आहोत, पोरी. पण आम्ही दमलो म्हणून तुझ्या घरचा गहू नाही जळत." आम्ही उठलो. अंगणात त्याची सून, कुतना नावाची, मेंढ्यांना पाणी पाजत होती. तिने बाईंकडे बघितलं आणि खाली बघितलं.

परतताना मी म्हटलं, म्हातारा फार बोलला. बाई म्हणाल्या, "जास्त नाही बोलला." मग डोळे मिटले. उरलेला सगळा रस्ता मिटलेलेच होते.

कार्यालयाला कळायचं ते कळलंच. चौकशी झाली नाही, ती केली असती तर कागद बाहेर काढावा लागला असता. बाईंकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली आणि त्यांना दप्तरखान्यात बसवलं. जुन्या फायलींना नवे क्रमांक घालायचे. चार वर्षं त्या खोलीत होत्या. गाडीवरचा हक्क गेला. माझ्या मेहुण्याकडे तीनचाकी मालगाडी होती, दर गुरुवारी दुपारी सुटल्यावर मी ती मागून आणायचो. पाठीमागे पोत्यांवर बाई बसायच्या, डोक्यावरून अबाया घट्ट धरून, आणि आम्ही गावं फिरायचो. मी का गेलो, असं मला बायको विचारायची. मला नीट सांगता यायचं नाही. सांगायचो, गुरुवारी मला दुसरं काम नसतं.

आता त्या पुरुषांशी बोलतच नसत. सरळ मेंढवाड्यात जायच्या. बायकांना दाखवायच्या की केवढा खणायचा, काय किती घालायचं, हातात घेऊन कसं ओळखायचं. यंत्र नव्हतं, नळ्या नव्हत्या, मग त्यांनी दुसरी खूण शोधली. पिवळे कण दिसेनासे झाले, लेंडी बोटात भुगा होऊ लागली आणि उग्र वास जाऊन ओल्या मातीचा वास आला की झालं. एकदा खड्डा फार कोरडा पडला, काहीच आंबलं नाही. एकदा एकीने घाईने दुप्पट गंधक घातलं, तो माल जिथे पडला तिथे रोपं करपली. बाई तिच्या शेजारी बसून करपलेली रोपं उपटत होत्या आणि सांगत होत्या की पुढच्या वेळी निम्मं घाल. तीच बाई पुढे दुसऱ्यांना शिकवायला लागली.

एकतीस घरांपैकी सात घरांनी खड्डे केले. हाजी मुतलगने केला नाही. पण तिसऱ्या वर्षी गहू हिरवा असताना त्याच्या शेताजवळून जात होतो, आणि वीस दुनममधला एक पट्टा वेगळाच उठून दिसत होता. कुतनाने सासऱ्याला न सांगता गोठ्यामागे खड्डा केला होता आणि पेरणीच्या वेळी नवऱ्याकडून ते खत चरात टाकून घेतलं होतं. कापणीला म्हाताऱ्याने त्या पट्ट्याची रास वेगळी घालायला लावली. दुनमला दोनशे साठच्या आसपास भरली. तो त्या राशीपाशी उभा राहिला, मूठभर दाणे उचलले, परत टाकले. हे मला कुतनानेच सांगितलं. पुढच्या वर्षापासून खड्ड्याला लागणारं पाणी तो स्वतः टाकीतून सोडू लागला.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या दप्तरखान्यात फायलीवर क्रमांक घालत होत्या. म्हणाल्या, दोनशे साठ म्हणजे ठीक आहे, पण चर थोडा खोल गेला असेल, नाहीतर गहू आणखी वाढायला हवा होता. आणि पुढची फाइल ओढली.

नंतरचं थोडक्यात सांगतो. त्यांची आई वारली. निर्बंध उठले, बाहेरचं खत बाजारात आलं, आणि बऱ्याच घरांनी खड्डे बुजवले. आता खत सहज मिळतं, कोण तीन महिने लेंड्या उपसत बसेल? मी एकदा रागाने हे बोललो. बाई म्हणाल्या, मिळतंय तर वापरू दे की, खड्ड्याला कष्ट किती आहेत ते त्या बायकांना विचारा. मग दुसऱ्या लढाया आल्या, आम्हा सगळ्यांना गावं सोडावी लागली, तीन वर्षांनी परतलो. तेव्हा खत पुन्हा नाहीसं झालं होतं, मग ज्यांना येत होतं त्यांनी पुन्हा खणलं. किती घरांनी, ते मोजलेलं नाही. मोजणारी बाई निवृत्त झाली होती.

आता त्या भाचीकडे तिक्रीतला राहतात. गुडघे गेलेत. मागच्या वसंतात मी भेटायला गेलो, सोबत ताजी काकडी नेली होती. भाचीने चहा केला. बाईंनी माझ्या नातवंडांची चौकशी केली, पिकअपचं काय झालं विचारलं. मी म्हटलं, ती केव्हाच भंगारात गेली. मग मी बोलत राहिलो, या वर्षीचा पाऊस, कुतनाच्या मुलाचं लग्न, आणि जरा वेळाने पाहिलं तर त्यांचे डोळे मिटले होते. भाची म्हणाली, रोज या वेळी झोपतात. मी पेला हळूच ठेवला आणि चपला हातात घेऊन बाहेर आलो.